लाखात एक

इंग्लंडात, लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेन्डेन नावाचे गाव आहे, आणि त्या गावच्या शिवारात रॉथमस्टेड या जुन्या वाड्याच्या वतनातले ब्रॉडबॉक नावाचे शेत आहे. खडूच्या खडकावर बसलेली, गारगोट्यांनी भरलेली चिकण माती आणि तीत हिवाळ्याच्या तोंडाशी पेरलेला गहू, एवढेच त्याचे दर्शनी स्वरूप. वाटसरूने पाऊल थांबवून पाहावे असे तेथे काही नाही. परंतु शेतात घातलेल्या खतापैकी पिकाच्या तोंडी किती पडते आणि पाण्याबरोबर किती निघून जाते, हा प्रश्न ज्या मोजक्या जागी प्रथम तराजूत घालून तोलला गेला, आणि ज्याचे उत्तर हाती येऊनही जगाने पुढे कित्येक दशके त्याची पुरती दखल घेतली नाही, त्या जागांत ब्रॉडबॉकचा मान मोठा आहे. आज आपल्या गावोगावच्या विहिरींत जो विकार शिरला आहे त्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचा आरंभ या परक्या शेतापासून करावा लागतो, आणि तो आरंभ एका ध्यानात ठेवण्याजोग्या प्रमाणापाशी येऊन पोहोचतो: लाख भाग पाण्यात एक भाग नत्र.

रॉथमस्टेडचे धनी जॉन बेनेट लॉज हे १८१४ साली जन्मले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यामुळे वतन त्यांच्या नावावर चढले, आणि वयात येताच त्यांनी ते स्वतः पाहावयास घेतले. रसायनाचा त्यांना विलक्षण नाद होता. हाडांचा चुरा गंधकाम्लात भिजविला म्हणजे त्यातील स्फुरद पिकाला सहज घेता येण्याजोगे होते, हे ओळखून त्यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी थेम्सकाठी डेटफर्ड येथे कारखाना घातला. त्याच १८४३ सालच्या जूनमध्ये त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनज्ञास आपल्या जोडीला बोलावले. कोवळ्या वयात बंदुकीच्या अपघाताने ज्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती अशा या मनुष्याने उरलेल्या डोळ्याने पुढली सत्तावन्न वर्षे गव्हाचे दाणे, पेंढा, राख, माती आणि पाणी यांची वजने पाहिली. त्या शरदात ब्रॉडबॉकच्या लांबच लांब पट्ट्यांत गहू पेरला गेला: एका पट्ट्याला शेणखत, एकाला काहीच नाही, आणि बाकीच्यांना निरनिराळ्या प्रमाणांत अमोनियाचे क्षार, स्फुरद, पालाश. तेव्हापासून आजतागायत त्या शेतातल्या कित्येक पट्ट्यांत गव्हामागून गहू पेरला जात आहे, आणि काही पट्ट्यांच्या वाट्याला येणारे खत तेव्हा ठरले तेच अद्याप आहे.

हा खटाटोप उभा राहिला तो एका मोठ्या वादाच्या छायेत. जर्मनीतील युस्टस फॉन लिबिग या विख्यात रसायनज्ञांनी १८४० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून असे प्रतिपादिले होते की, वनस्पतीला मातीतून लागतात ती मुख्यतः खनिजे. नत्र तिला हवेतून पुरेसा मिळतो. लिबिग यांनी स्वतःचे खतही बाजारात आणले, आणि पावसाने ते वाहून जाऊ नये या काळजीने ते मुद्दाम न विरघळणारे असे बनविले. परिणाम असा झाला की, जे पावसाला दाद देईना ते मुळांनाही दाद देईना, आणि ते खत फसले. ब्रॉडबॉकचा गहू मात्र वर्षामागून वर्ष निर्विवाद साक्ष देत गेला की, नत्र घातल्यावाचून त्याची पोटरी भरत नाही. मग १८५० साली जे. टॉमस वे यांनी दाखविले की, अमोनियाचे पाणी मातीतून गाळले असता अमोनिया मातीच्या कणांना चिकटून मागे राहतो आणि खाली येते ते पाणी त्यावाचून येते. साऱ्यांना हायसे वाटले. माती ही विश्वासू कोठारदार आहे, तिच्या स्वाधीन केलेला माल ती हरवीत नाही, अशी समजूत दृढ झाली. आणि ती निम्मी खरी असल्यामुळेच अधिक घातक ठरली.

ब्रॉडबॉकच्या प्रत्येक पट्ट्याच्या मध्यातून १८४९ साली दोन-अडीच फूट खोलीवर भाजक्या मातीच्या नळ्या पुरण्यात आल्या होत्या. हेतू साधा होता: ओल निथरून जावी. पुढे १८६६ साली त्या नळ्यांची तोंडे एका टोकाला उघडी करून अशी सोय केली गेली की, प्रत्येक पट्ट्याचे निथरलेले पाणी वेगळे धरता यावे. ते पाणी बाटल्यांत भरून लंडनला ऑगस्टस फोल्कर यांच्याकडे जाऊ लागले. हे मूळचे फ्रँकफुर्टचे, आणि तेव्हा रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनज्ञ. त्यांनी १८६६ ते १८६९ या काळातील नमुने तपासले, आणि त्यांच्या कोष्टकांनी मातीच्या कोठारदारीचा भ्रम उतरविला. नळीच्या पाण्यात अमोनिया जवळजवळ नव्हता, स्फुरद आणि पालाश अत्यल्प होते. वे यांचे म्हणणे तेथवर खरे ठरले. पण ज्या रूपात नत्र शेतात घातला होता त्या रूपात नसला, तरी तो त्या पाण्यात होताच. तो नायट्रेटच्या रूपाने, म्हणजे आपले पूर्वज ज्याला सोरा म्हणत आणि बंदुकीच्या दारूसाठी जुन्या वस्त्यांच्या लोणा लागलेल्या मातीतून जो काढीत त्याच्या जातीच्या क्षाराच्या रूपाने, नळीतून वाहत होता. शेतात अमोनियाचे क्षार जितके अधिक तितका तो अधिक. ज्या पट्ट्याला काहीच घातले नव्हते त्याच्या पाण्यात नत्राचे प्रमाण लाखात अर्ध्या भागाहूनही कमी; ज्यांना भरपूर घातले होते त्यांच्या पाण्यात लाखात एकाच्या पुढे.

लाखात एक म्हणजे किती, हे शेतकऱ्याच्या हिशेबात मांडून पाहावे. एक एकरावर एक इंच पाणी उभे केले तर त्याचे वजन सुमारे सव्वादोन लाख पौंड भरते. त्यात लाखास एक या प्रमाणाने नत्र असेल तर एका इंचाबरोबर एका एकरातून सव्वादोन पौंड नत्र गेला. हिवाळाभरात असे आठ-दहा इंच पाणी नळीतून गेले, तर अठरा-बावीस पौंडांची रक्कम खतावणीत खर्ची पडली, आणि तिच्यासमोर जमेला एक दाणाही नाही. लॉज यांची संपत्ती खताच्या कारखान्यातून उभी राहिली होती. खत वाया जाते हे जगाला सांगण्याची त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. तरी ही कोष्टके त्यांनी दडपली नाहीत, उलट ती वाढविली. त्या शतकातील विद्येची सचोटी कशी होती याचे हे एक आदरणीय उदाहरण आहे.

ती वाढविण्याची रीत मोठी कल्पक होती. नळीवर भिस्त ठेवण्यात एक अडचण असते. सगळेच पाणी नळीत येत नाही, काही तिच्या खालून निघून जाते. म्हणून १८७० साली रॉथमस्टेडच्या कारागिरांनी शेतातील मातीचे तीन ठोकळे, प्रत्येक एकराच्या हजाराव्या भागाएवढा, जागच्या जागी आणि न हलविता, खालून पोखरून लोखंडी जाळपट्ट्यांवर तोलून धरले, चहूबाजूंनी विटांच्या भिंती घातल्या आणि तळाशी पाणी धरण्याची योजना केली. एक ठोकळा वीस इंच खोल, दुसरा चाळीस, तिसरा साठ. त्यांत खत घालावयाचे नाही, पीक घ्यावयाचे नाही, फक्त तण उपटावयाचे आणि वाट पाहावयाची, असा नेम ठरला. पडलेल्या पावसापैकी सुमारे निम्मा तळाशी पोहोचू लागला. आणि त्या पाण्याची नियमित तपासणी सुरू झाली तेव्हा आढळले की, खताचा कणही न घातलेली ही उघडी माती आरंभीच्या वर्षांत दर एकरी सुमारे चाळीस पौंड नत्र दरसाल गमावीत आहे. म्हणजे दोष केवळ पोत्यातल्या खताचा नव्हता. मातीत मुरलेले जुने सेंद्रिय द्रव्य कुजते, त्यातून नायट्रेट निपजते, आणि ते उचलण्यास वर एखादे जिवंत मूळ नसेल तर पाणी ते घेऊन जाते.

हे नायट्रेट निपजविते कोण, याचा उलगडा १८७७ साली पॅरिसमध्ये झाला. श्लोसिंग आणि म्युन्झ या दोघांनी गावातील सांडपाणी वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सावकाश उतरविले. काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. आणि नंतर ताज्या मातीचे थोडे पाणी मिळविताच पुन्हा सुरू झाले. ज्याला गुंगी येते ते सजीव असले पाहिजे. लंडनच्या धुराहून दूर, रॉथमस्टेडच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी हे सूत्र पुढे कित्येक वर्षे कातले, आणि १८९० साली विनोग्राद्स्की यांनी ते सूक्ष्मजंतू वेगळे काढून दाखविले. कोठारदार विश्वासू होता हे खरेच; पण त्याच्या कोठारात अहोरात्र जागणारी ही असंख्य प्रजा माल अशा रूपात बदलून ठेवीत होती की तो त्याच्या मुठीत राहूच नये.

आपल्या शेतकऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसले तरी त्याचा अनुभव जुना आहे. चैत्र-वैशाखात तापलेल्या, नांगरून उघड्या टाकलेल्या रानावर मृगाची पहिली सर पडते तेव्हा त्या वासाबरोबर मातीतली ही प्रजाही जागी होते, आणि थोड्या दिवसांत नायट्रेटचा मोठा साठा तयार होतो. वेळेवर पेरलेले पीक त्यावर तरारते. पेरणी लांबली आणि पाऊस मात्र लागून राहिला, तर तोच साठा ओढ्याला जातो अथवा खाली उतरतो. ‘जमीन धुपली’ असे आपण डोळ्यांना दिसणाऱ्या मातीविषयी म्हणतो. ही धूप डोळ्यांना दिसत नाही एवढाच तिच्यात भेद आहे.

लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी पाऊस आणि निचऱ्याचे पाणी यांवरील आपला विस्तृत निबंध १८८०-नंतरच्या आरंभीच्या वर्षांत प्रसिद्ध केला. त्याचा व्यावहारिक बोध स्पष्ट होता: अमोनियाचे खत शरदात घालू नका, पीक वाढीला लागेल तेव्हा वसंतात घाला. ब्रॉडबॉकवर तो फेरबदल झालाही. येथपर्यंत सर्व चोख आहे. परंतु ते सारे वाङ्मय आज वाचले असता एक रिकामी जागा सलते. खत शेतातून गेले, ते किती गेले, केव्हा गेले, त्याने शेतकऱ्याचे किती नुकसान झाले, हे सर्व त्यात आहे. ते गेले कोठे, आणि जेथे गेले तेथे त्याने काय केले, हा प्रश्न त्या जमाखर्चाच्या वहीत आढळत नाही. योगायोग असा की, त्याच वर्षांत एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनज्ञ, सरकारने १८६८ साली नेमलेल्या नदीप्रदूषण आयोगाचे सभासद या नात्याने, पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट मोजून त्यावरून ‘पूर्वी मिसळलेल्या मैल्याचा’ अंदाज बांधीत होते. आणि ब्रॉडबॉकच्या नळ्यांचे काही नमुनेही त्यांनीच तपासले होते. एकाच हाताखालून दोन्ही पाणी गेले. तरी नदीच्या पाण्यातील नायट्रेट ही शहराच्या मोऱ्यांची खूण मानली गेली आणि नळीतील नायट्रेट हा शेतकऱ्याचा तोटा मानला गेला. दोन दफ्तरे वेगवेगळ्या कपाटांत बांधून ठेवली गेली आणि त्यांचा ताळा कोणी घेतला नाही.

येथून या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. ऑगस्टस फोल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस फोल्कर यांस हिंदुस्थान सरकारने येथील शेतीची पाहणी करण्यास बोलावले, आणि ते १८८९ च्या अखेरीस या देशात आले. वर्षाहून अधिक काळ हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथला रयत अडाणी आहे हा विलायतेतील समज त्यांनी खोडून काढला आणि कित्येक बाबतींत तो इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबरीचा, क्वचित त्याहून सरस असल्याची ग्वाही दिली. त्यांना येथे दिसली ती नत्राची उधळपट्टी नव्हे, तर उपासमार: सरपणाच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात होत्या आणि शेत उपाशी राहत होते. पित्याने इंग्लंडात नत्र नळीतून वाहताना पाहिला आणि पुत्राने हिंदुस्थानात तो धुरातून जाताना पाहिला. त्यांच्यामागून आलेले सरकारी कृषिरसायनज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी कानपूर आणि पुसा येथे रॉथमस्टेडच्या धर्तीवर मातीचे ठोकळे बांधून आपल्या पर्जन्यमानात निचरा किती होतो याची नोंदही ठेवली.

दख्खनात मात्र पाण्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेने पुढे आला. भाटघरच्या धरणावर विसंबलेला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि पुरंदर-बारामतीच्या अवर्षणी मुलखात ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी बागाईतदारांनी खंडाने जमिनी घेऊन, कष्टाने आणि कसबाने, पाटाच्या पाण्यावर गुळाचा धंदा नावारूपाला आणला. शेणखत, लेंडीखत, पेंड, आणि पुढे ‘सल्फेट’ या एका शब्दाने ओळखले जाणारे अमोनियाचे खत असा त्यांचा भरणा असे. पण पंचवीस वर्षे लोटली नाहीत तोच सखल रानांवर पांढरा थर फुटू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून दख्खनच्या रयतेचे दारिद्र्य आकड्यांत मांडले तेच हे मान, यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरेच्या खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली पुस्तिका प्रसिद्ध केली. जमिनीला मुबलक पाणी आहे, पण त्याच्या निचऱ्याची वाट नाही. म्हणून भूमिगत पाणी चढते आणि खडकातले क्षार घेऊन वर येते, हे त्यांचे निदान होते. उपाय अर्थातच चर आणि नळ्या. उपाय योग्यच होता. त्यावाचून ती राने गेली असती. तरी येथेही तोच प्रश्न विचारावयाचा राहिला की, चराने बाहेर काढलेले पाणी पुढे कोठे जाते? ते ओढ्याने नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे पंढरीला चंद्रभागा होऊन वारकऱ्याच्या ओंजळीत येते.

इकडे हा मंद इतिहास चालला असता जगाच्या नत्राची तिजोरीच उघडली. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, कार्ल बॉश यांनी तो कारखान्याच्या प्रमाणावर आणला, आणि १९१३ साली ऱ्हाईनकाठच्या ओपाऊ येथे पहिला कारखाना चालू झाला. त्याचा उपयोग युद्धाच्या दारूगोळ्याला झाला आणि शेतीलाही. आपल्याकडे सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ साली उत्पादनास लागला, आणि मुंबईच्या तुर्भ्यात पुढच्या दशकात दुसरा उभा राहिला. या खताची निंदा करणे मला कृतघ्नपणाचे वाटते. ज्या देशाने १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि त्यानंतर परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याची लाचारी भोगली, त्या देशाच्या कोठारांत आज जे धान्य आहे त्यात या पांढऱ्या दाण्यांचा वाटा फार मोठा आहे. पण ज्याला पूर्वी शेणाच्या एका पाटीसाठी कोसभर जावे लागे त्याला पोतेभर युरिया अल्प मोलात दारात मिळू लागला, तेव्हा लॉज यांचा पौंडा-पौंडाचा हिशेब करण्याचे त्याला कारणच उरले नाही. स्वस्ताई ही देखील एक प्रकारची विस्मृती आहे.

त्या विस्मृतीला पहिला धक्का दिला तो एका बालरुग्णालयाने. अमेरिकेतील आयोवा संस्थानात हंटर कॉम्ली या तरुण डॉक्टराने १९४५ साली शेतवाड्यांवरून आलेल्या तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले निळसर पडत. हृदयात दोष सापडत नसे. दवाखान्यात आणली की सुधारत आणि घरी नेली की पुन्हा काळवंडत. शेवटी दोष विहिरीच्या पाण्यात निघाला, ज्यात त्यांचे वरचे दूध कालविले जात असे. तान्ह्या बालकाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील तांबड्या द्रव्याला जखडते, आणि मग ते रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटते आणि क्षार दाट होतो, म्हणून जी आई अधिक काळजीने अधिक वेळ उकळी तिचेच बाळ अधिक धोक्यात पडे. अमेरिकेतील अशा घटनांचे संकलन १९५१ साली झाले तेव्हा २७८ बालके आणि त्यांपैकी ३९ मृत्यू एवढी नोंद भरली, आणि त्यांत असे आढळले की, पाण्यातील नायट्रेट-नत्र एका लिटरात दहा मिलिग्रॅमहून कमी असेल तेथे एकही बालक निळे पडलेले नाही. लिटरात दहा मिलिग्रॅम म्हणजे लाखात एक. ज्या प्रमाणाशी लॉज आणि गिल्बर्ट यांनी गव्हाच्या तोट्याचा हिशेब केला असता, त्याच प्रमाणावर बालकाच्या श्वासाची सीमारेषा येऊन थांबली. आज भारतात पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे. तिचे नत्रात रूपांतर केले तर पुन्हा लाखात एकच भरते.

इंग्लंडातही उशिरा का होईना दोन्ही दफ्तरे एका मेजावर आली. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी तेथील जुनी कुरणे नांगरली गेली होती, आणि त्यानंतर खताचे प्रमाण सतत चढत गेले होते. १९७० नंतर नद्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट वाढताना दिसू लागले तेव्हा भूशास्त्रज्ञांनी खडूच्या खडकात भोके पाडून निरनिराळ्या खोलीवरचे ओलसर गाभे बाहेर काढले आणि त्यांतील पाणी पिळून तपासले. खडूच्या सूक्ष्म छिद्रांतून नायट्रेटची रांग वर्षाला सुमारे एक मीटर या संथ गतीने खाली सरकत होती, आणि भूजलाची पातळी कित्येक ठिकाणी दहा-वीस मीटर आणि त्याहूनही खोल होती. म्हणजे आज विहिरीत येते ते आजोबांच्या नांगरटीचे, आणि आज शेतात सुटते ते नातवंडांच्या घड्यात पडावयाचे. सरकारी थकबाकी निदान कागदावर दिसते. ही दगडात लिहिलेली असते. युरोपीय राष्ट्रांनी १९९१ साली शेतीतून येणाऱ्या नायट्रेटविरुद्ध सामाईक कायदा केला, पण दगडातले येणे कायद्याने माफ होत नाही.

आणि ब्रॉडबॉक? त्या वृद्ध शेताने १९८०-नंतर आणखी एक धडा दिला. नत्राच्या जड समस्थानिकाची खूण लावलेले खत तेथे वसंतात घातले गेले आणि त्याचा माग काढला गेला. वेळेवर आणि बेताने घातलेल्या खतापैकी फारच थोडा भाग त्या हंगामाअखेर नायट्रेटच्या रूपात मातीत शिल्लक होता. शरदातल्या पावसाने जे वाहून जाई ते बहुतांशी मातीतल्या सेंद्रिय द्रव्यातून, पीक निघून गेल्यावर रिकाम्या रानात निपजलेले असे. वर्षानुवर्षे शेणखत घातलेल्या पट्ट्यातूनही नायट्रेट भरपूर गळते असे आढळले. म्हणून ‘सेंद्रिय ते निर्दोष, कारखान्याचे ते विष’ ही सोपी वाटणी टिकत नाही. नत्र कोठून आला याचा पाण्याला विधिनिषेध नसतो. तो उचलण्यास त्या वेळी मूळ हजर होते की नाही, एवढेच ते पाहते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के, आणि वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावे विशेष चिंतेची. हा सारा दोष शेताच्या माथी मारणे अन्यायाचे होईल: गावातले शोषखड्डे, विहिरीच्या उशाला रचलेले उकिरडे, गोठ्यांची मोरी, शहरांचे न शुद्ध करता सोडलेले सांडपाणी यांचाही त्यात मोठा हिस्सा आहे, भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात हिरवे पडते त्यात पुण्याच्या मैल्याचा भाग कोणी नाकारू नये. परंतु ज्या राज्यात उसाला लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत पोत्यांनी खत पडते आणि पाटाने मोकाट पाणी सुटते, तेथे शेताने आपला हिस्सा कबूल केल्यावाचून सुटका नाही. आणि स्फुरदाची गोष्ट निराळी असली तरी निश्चिंतीची नव्हे; माती त्याला धरून ठेवते हे खरे, पण बांध फुटून मातीच वाहिली म्हणजे तिच्या पाठीवर बसून तोही जलाशयात जातो आणि तेथे शेवाळ पोसतो.

एका गोष्टीत आपण इंग्लंडाहून भाग्यवान असू. आपला कातळ खडूसारखा शोषक नाही. पाणी मुरमातून आणि भेगांतून उतरते आणि पावसाळ्यातच विहिरीची पातळी चढते. म्हणून चूक लवकर विहिरीत येते खरी, पण सुधारणाही लवकर दिसावी. खत एकदम न देता बाळबांधणी आणि मोठी बांधणी असे हप्ते पाडून द्यावे, ठिबकाने मुळाशी द्यावे, पाटाचे पाणी मोजून घ्यावे, ताग किंवा कडधान्य घेतले असेल तर त्याने दिलेला नत्र पुढच्या हिशेबात वजा धरावा, पावसाळ्यात रान उघडे टाकू नये, उकिरडा विहिरीपासून दूर आणि तळ बांधून करावा. यात नवे असे काही नाही. यांतील गाभ्याची गोष्ट १८६६ साली उघडलेल्या नळ्यांनीच सांगितली होती.

उणीव ज्ञानाची नव्हती. एका रकान्याची होती. त्या थोर माणसांनी शेताच्या वहीत ‘गेले’ असे लिहिले, आणि ‘कोणाकडे’ हा रकाना कोरा सोडला. तो रकाना भरण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे, आणि तो भरावयास प्रयोगशाळाही लागत नाही. नीरेकाठच्या बागाईतदाराने पाटाची खिडकी बंद करण्यापूर्वी क्षणभर उभे राहून एवढेच आठवावे की, उसाच्या सरीतून निसटलेले हे पाणी ओढ्याने नीरेत, नीरेने भीमेत आणि भीमेने पंढरीच्या वाळवंटात जावयाचे आहे, जेथे आषाढी एकादशीला कोणी म्हातारी दोनशे कोस चालून आलेली असेल आणि ते ओंजळीत घेऊन डोळे मिटून पिईल.